जुन्या भिंतीला लागून

आमच्या गावातली मातीची घरं गेल्या दहा-पंधरा वर्षांत भराभर गेली. घरकुलाच्या यादीत नाव लागलं की जुनं घर आडवं करायचं, त्याच जागेवर कॉलम उभे करायचे आणि वर स्लॅब टाकायचा, असा रिवाजच पडला. कोणाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरणारा माणूस आता शोधून सापडत नाही. वानरांची टोळी एका सकाळी अर्धं छप्पर फोडून जाते. पावसाळ्यात गळतीखाली गंज मांडत रात्र काढणं ज्याच्या वाट्याला येतं, त्याला मातीच्या घराचं कौतुक सांगायला जाऊ नये.

तरीही आम्ही आमचं घर पाडलं नाही, त्याला लागून एक खोली वाढवली. माझं माहेर हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधलं, वणा नदीच्या खोऱ्यातलं. घर गावाच्या टोकाला, मागची वाडी ओलांडली की थेट वावर. पणजोबांनी बांधलेलं. भिंत दीड हात रुंद, सगळी मातीची. मधल्या खोलीवर सागाचे मयाल, म्हणजे तुळया, त्यावर फळ्यांची पाटणी, वर माळा आणि माळ्यावर कवेलू. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा गावातली स्लॅबची घरं रात्री अकरापर्यंत तापलेली असतात. आमच्या मधल्या खोलीत मात्र दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेर वारा सुटलेला असतो.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि घराची दुसरी बाजू दिसायला लागली. प्रत्येक दाराला उंच उंबरठा. सपरीवरून, म्हणजे ओसरीवरून, अंगणात उतरायला तीन पायऱ्या. संडास मागे वाडीत, पावसाळ्यात चिखलातून जायचं. वॉकर घेऊन बाबांना घरातल्या घरात फिरता येईना. आई-बाबांसाठी जमिनीच्या एका पातळीवरची, संडास-बाथरूम लागूनच असलेली एक खोली हवी होती, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो पुढचा.

दादा म्हणत होता, सगळंच पाडून नवं बांधू. त्याचं म्हणणं उगाच नव्हतं. जोडकामाला लागणाऱ्या खर्चात थोडी भर घातली तर पूर्ण घर उभं राहतं, आणि मातीचं घर राखायला दरवर्षी लागणारी माणसं आता घरात नाहीत. त्याच्या ओळखीच्या इंजिनीअरनंही तेच सांगितलं: मातीच्या भिंतीला आरसीसी जोडू नका, एक तर हे ठेवा नाही तर ते. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, सपरीत बसून सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पाडाले काय, जेसीबीले अर्धा दिवस लागते. पण त्या भितीनं तुमचं काय घोडं मारलं, ते सांगा ना पहिले."

यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि घर नेमकं कशावर उभं आहे हेही कोणाला सांगता येत नव्हतं. पायवा किती खोल? दगडाचा की नुसता मातीचा? मोठेबाबांचा जन्म याच घरातला, पण बांधकाम त्यांच्याही आधीचं. ज्यांनी बांधलं ते गेले आणि त्यांच्यासोबत माहितीही गेली. म्हणून असं ठरलं की आधी एक खड्डा खोदून पाहायचा, मग काय ते ठरवायचं.

हिंगणघाटची काळी माती कापसाला जितकी चांगली, घराला तितकीच वाईट. बेसॉल्टचा दगड झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी प्यालं की फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात आमच्या वावरात अशा भेगा पडतात की तुराटी घातली तर हातभर आत जाते. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटतात. अशा जमिनीवर उथळ पायव्याचं घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. सगळं एकसारखं उचललं गेलं तर चाललं असतं. पण घराखालची माती ओलसर राहते, बाहेरच्या कडेची वाळते, म्हणून एक कोपरा बसतो आणि दुसरा उभा राहतो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघते. गावात पाच-सात वर्षांची स्लॅबची घरं आहेत, रंग अजून उडालेला नाही आणि भिंतीत बोट जाईल एवढी फट. बहुतेकांचा पायवा तीन फुटांवर थांबलेला.

यावरचे उपाय आपल्याच देशात काढलेले आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी फुगा असलेले पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, विकसित केले, ते फुगणाऱ्या थराच्या खाली जाऊन पाय रोवतात. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कट्टी यांनी दाखवून दिलं की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिवट मुरमासारख्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचं फुगणं आवरतं. ही माहिती खेड्यातल्या एका खोलीच्या कामापर्यंत पोचवणारी कुठलीच वाट नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पोचतो तो मिस्त्री, आणि त्याच्या गाठीला असलेला अनुभव.

आमचा मिस्त्री तसा अनुभवी निघाला. जुन्या भिंतीला लागून त्यानं तीन फूट रुंदीचाच खड्डा घेतला. वरची माती काळी कुळकुळीत, ओलीला चिकट. तीन-चार फुटांनंतर ती पिवळसर झाली, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसायला लागले. सहा फुटांच्या पुढे टिकासाचा आवाज बदलला, मुरूम लागला. आणि एका बाजूला जुना पायवा उघडा पडला. डोक्याएवढे काळे दगड, मोठे खाली, लहान वर, फटींत मातीचा गारा, आणि तो थर थेट मुरमात जाऊन बसलेला. मोठेबाबांना खुर्ची आणून दिली होती, ते खुर्चीवरून उठून खड्ड्याच्या काठाशी ओणवे झाले. "पाह्य बे," ते दादाला म्हणाले, "माह्या आज्यानं पार मुरमापर्यंत नेला पायवा. कोणतं कॉलेज शिकला होता तो?"

त्या दिवशी घर पाडायचा विषय संपला. दादानंच मिस्त्रीला विचारलं, मग जोडायचं कसं?

मिस्त्रीचं उत्तर होतं, जोडायचंच नाही. जुनी भिंत तिच्या पायव्यावर, नवी खोली तिच्या पायव्यावर, मधे दोन बोटांची फट. दोन्ही घरं आपापल्या परीनं हलतील. बांधून टाकलं तर जे कमजोर ते फाटेल. जुन्या भिंतीपाशी खोल खोदायचं नाही, म्हणून त्या बाजूचे दोन कॉलम चार फूट अलीकडे घेतले आणि बीम पुढे काढून नवी भिंत त्यावर उभी केली. पाहणीचा खड्डा त्याच दिवशी मुरमानं थर-थर करून ठोकून भरला. बाकीचे कॉलमही मुरमात नेले. जोत्यात काळ्या मातीचा एक घमेलाही भरला नाही. आमच्याच बरडातला मुरूम, रीतसर परवानगी काढून आणलेला, तो सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मस केला. भोवताली तीन फुटांचा उतार दिलेला पट्टा केला, म्हणजे कवेलूचं पाणी पायव्याशी मुरणार नाही.

आईला मात्र ती फट पटली नाही. "एका घराचे दोन घरं करून राह्यले तुम्ही," असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. तिला फटीतून विंचू-काट्याचीही भीती. मिस्त्रीनं फटीत थर्माकोलची पट्टी बसवली, दोन्ही बाजूंनी वरून सागाची पट्टी मारली, पण खिळे एकाच बाजूला, नव्या भिंतीत. पट्टी जुन्या भिंतीवर नुसती टेकलेली. खालच्या फरशीचंही तेच, एक कड पक्की, एक कड मोकळी. बाबा आता त्यावरून वॉकर घेऊन जातात आणि चाक कुठे अडत नाही. आईच्या मनातून तो विषय पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, पण ती आता पाहुण्यांना ती पट्टी दाखवून खिळे एकाच बाजूला का आहेत ते सांगते.

दार पाडायचं काम मला सगळ्यात अवघड वाटलं. दीड हाताच्या मातीच्या भिंतीत सरळ सब्बल घातली तर वरचा भाग खाली येतो. म्हणून आधी दाराच्या वर, भिंतीच्या अर्ध्या जाडीत आडवी खाच घेतली, तिच्यात सागाचा एक तुकडा बसवून पाचरी ठोकल्या. मग मागच्या बाजूनं उरलेल्या अर्ध्या जाडीत दुसरा. दोन्ही तुकडे जुन्या कोठ्याच्या मयालाचे, उधळी (वाळवी) लागली नाही ना हे ठोकून ठोकून पाहिलेले. वरचं वजन त्यांच्यावर आल्यावरच खालची माती काढली. कापलेल्या कडेत भिंतीचे थर स्वच्छ दिसत होते. हातभर उंचीचा एक थर, तो वाळल्यावर दुसरा. मातीतला गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, इतक्या वर्षांनीही पिवळा होता, चिमटीत धरला तर तुटत नव्हता. एका थराच्या वरच्या अंगावर चार बोटांच्या खुणा ओढलेल्या होत्या, पुढचा थर नीट धरावा म्हणून कोणीतरी ओल्या मातीत बोटं फिरवलेली. बोटं बारीक होती. मी माझी बोटं त्यात घालून पाहिली, बरोबर बसली.

ती कड आई आणि मोठी आईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, मातीनंच बांधून काढली. मिस्त्री म्हणाला होता, सिमेंट लावून देतो, पक्कं होईल. पण मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा बसत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, ती आत कोंडते, आणि तीन-चार पावसाळ्यांनी गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट सुटतो. गावात अशा भिंती जागोजागी दिसतात. पांढरीची माती, गव्हांडा, शेण आणि पाणी कालवून, रोज पायानं तुडवून, चांगलं आंबू दिलं. मोठ्या आईचे गुडघे दुखतात, ती खाटेवर बसून चिखल हातात घेऊन सांगायची, "अजून नाही झालं, बोटाले चिकटते."

स्लॅबचा निर्णय दादाच्या पोराचा. तो नागपूरला सिव्हिल शिकतो. नव्या खोलीवर नुसता स्लॅब टाकला तर बाबांना मे महिन्यात तिथे झोपता येणार नाही, कवेलू टाकले तर वानरांची आणि माणसाची अडचण तीच. त्यानं फिलर स्लॅब सुचवला. इंग्लंडहून येऊन भारतात स्थायिक झालेले वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात असे स्लॅब कितीतरी घरांवर टाकले. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळाखी घेतात, तिथल्या काँक्रीटचं काम मुख्यतः त्या सळाखी धरून ठेवणं. मग सळाखींच्या चौकटींच्या मधली जागा काँक्रीटऐवजी कवेलूनं भरली तर सिमेंट वाचतं, वजन कमी होतं. दोन कवेलू तोंडाला तोंड लावून ठेवले तर मधे हवा राहते आणि ऊन खाली उतरायला वेळ लागतो. आमच्या पडक्या कोठ्यावरचे इंग्रजी कवेलू वाडीत रचून ठेवलेलेच होते.

बेकर तरुणपणी मुंबईत गांधीजींना भेटले होते. आदर्श घराला लागणारं साहित्य पाच मैलांच्या परिसरात मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर सांगितला. आम्हा वर्धेकरांना तो विचार पुस्तकातून शिकावा लागत नाही. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला राहायला आले, तेव्हा घराचा खर्च 500 रुपयांच्या आत आणि साहित्य आसपासचंच, अशी त्यांची अट होती. त्या सेगावचं सेवाग्राम झालं आणि शाळेच्या सहलीत आदि निवासाच्या, म्हणजे तिथल्या आश्रमातल्या गांधीजींच्या पहिल्या घराच्या, गार भिंतीला पाठ लावून आम्ही सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. आमची खोली त्या अटीत बसणार नाही. सळाख आणि सिमेंट लांबून आलं, रेतीचा भाव परवडेना म्हणून गिलाव्याखेरीज बाकी कामाला क्रशरची चुरी वापरली. पण मुरूम, विटा, लाकूड, कवेलू आणि माणसं पाच मैलांतली होती, आणि मला त्याचा अभिमान आहे.

माणसांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. घरची माणसं कामाला लागली की मजुरी वाचते असं लोक म्हणतात. फारशी वाचत नाही. कामाचा वेग कमी होतो, दहा जणांचा स्वयंपाक वाढतो, आणि मिस्त्रीला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं, भिंतीकडे आणि आमच्याकडे. आमच्याकडे सुगीत जशी सावड चालते तशी इथेही चालली. शेजारच्यांनी ट्रॅक्टर दिला, त्याच्या बदल्यात दादानं त्यांच्या हरभऱ्याला दोन दिवस दिले. नागपूरचे मामा वायरिंगला आले. वहिनीनं पाण्याची पाळी लावून दिली आणि ती कोणालाही चुकवू दिली नाही. माझा नवरा सुट्टी काढून आला आणि पहिल्याच दिवशी घमेलं उचललं, ते मोठ्या आईला खपेना. "जवाईबापू, तुम्ही सपरीत बसा. लोक काय म्हणतीन?" तो म्हणाला, "मोठी आई, जो म्हणीन त्याच्या बी हाती घमेलं द्या."

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी लहान पोरं कवेलू धूत होती. कोरडा कवेलू काँक्रीटमधलं पाणी पिऊन टाकतो, म्हणून टाक्यात रात्रभर भिजत घालायचे होते. काठीनं वाजवून पाहायचं, खणखणीत वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर बाजूला. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून पहाटेच मिक्सर सुरू झाला. दुपारपर्यंत कडुलिंबाखाली पानगे, वरण आणि आलू-वांग्याची भाजी तयार होती. मिस्त्रीसकट सगळे एका पंगतीला बसले, बाबा वाढायला, खुर्चीत बसून, हातात तुपाची वाटी.

खरी मेहनत त्यानंतर सुरू झाली. आपल्याकडच्या उन्हात काँक्रीटला पाणी कमी पडलं तर ते वरून टणक दिसतं आणि आतून भुसभुशीत राहतं. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर निदान दहा दिवस ओल टिकायला हवी, आम्ही त्याहून जास्त ठेवली. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरलं, कडांना ओली पोती. विहिरीनं तळ गाठला होता, म्हणून न्हाणीचं पाणीसुद्धा वर चढत होतं. पहाटे चारला वहिनी आणि मी वर जायचो तेव्हा पाणी आटलेलं असायचं आणि स्लॅब कोमट.

मजुरी वाचली नसली तरी एक गोष्ट पदरात पडली. या खोलीचा पायवा किती खोल आहे, पाण्याचा पाइप कुठून गेला आहे, सळाख किती अंतरावर आहे, हे आज आमच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही माहीत आहे, कारण टेपचं एक टोक तिनं धरलं होतं. पुतण्यानं वहीत सगळं मापासकट काढून ठेवलं आहे. त्या वहीच्या शेवटच्या पानावर जुन्या पायव्याचंही चित्र आहे, दगडांच्या थरांसकट. पणजोबांनी कोणासाठी काही लिहून ठेवलं नव्हतं, त्यामुळे एक चांगलं घर केवळ माहिती नाही म्हणून पडायच्या बेतात आलं होतं. याची आठवण झाली की मला अजून धसका बसतो.

आता जुन्या छपराचं काम उरलं आहे. नव्या स्लॅबच्या आणि जुन्या कवेलूंच्या मधे पत्र्याची पन्हाळ बसवली आहे. पहिल्या पावसात ती गळली नाही, पण आढ्याजवळचे फाटे कुजले आहेत. शेजारच्या गावात कवेलू फेरणारे एक म्हातारे बाबा आहेत. वर चढणं त्यांना आता झेपत नाही, पण खाली खाटेवर बसून सांगतो म्हणाले आहेत. गुढीपाडव्यानंतर दादा आणि पुतण्या वर चढणार, मामांनी शिडी आणायचं कबूल केलं आहे. वानरांसाठी जाळी टाकायची की नाही यावर मोठेबाबा आणि दादाचं अजून एकमत झालेलं नाही. वही मी सोबत नेणार आहे. म्हातारे बाबा जे सांगतील ते तिथेच बसून उतरवून घ्यायचं ठरलं आहे.